टोळी आणि कायदा : अण्णासाहेब पाटील आणि डोंगरी मुलखातील माथाडी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग कात्रजचा घाट उतरून शिवगंगेच्या खोऱ्यात शिरतो आणि खेड-शिवापूर मागे टाकून नसरापूरच्या दिशेने जाताना भोर तालुक्यातील ज्या गावांच्या शिवारांतून पुढे सरकतो, त्यांपैकी वरवे बुद्रुक हे एक गाव आहे. या गावांच्या पश्चिमेला राजगड-तोरण्याचा मुलूख, म्हणजे पूर्वीचा वेल्हे आणि आता राजगड या नावाने ओळखला जाणारा तालुका पसरला आहे. या सर्व पट्ट्यात पाऊस उदंड असला तरी शेती मुख्यतः एका हंगामाची होती. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई, आणि सुगी आटोपली की पुढचे कित्येक महिने शेतात हाताला काम नाही, असाच येथील कोरडवाहू कुटुंबांचा वर्षाचा क्रम असे. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघरच्या लॉइड धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या अंगाच्या बारामती-इंदापूरकडील उसाला मिळाले, पुढे पानशेत आणि वरसगाव या धरणांनी पुणे शहराची तहान भागवली. ज्या खोऱ्यांत हे पाणी अडवले गेले त्यांच्या वाट्याला मात्र बुडालेली खाचरे, उठवलेल्या वाड्या आणि स्थलांतर आले. भोर-वेल्ह्याच्या गावांतून पुण्याच्या भवानी व नाना पेठांतील आणि मुंबईच्या मशीद बंदर परिसरातील बाजारांकडे हमालीसाठी जी माणसे गेली, त्यांच्या जाण्यामागे हा भूगोल आणि हे जलव्यवस्थापन ही दोन्ही कारणे उभी आहेत.

सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी आणि वाई, सांगलीतील शिराळा, पुणे जिल्ह्यातील भोर, वेल्हे, मुळशी, जुन्नर आणि आंबेगाव अशा सह्याद्रीच्या पूर्व उताराच्या तालुक्यांतून मुंबईत गेलेल्या या कष्टकऱ्यांना ‘माथाडी’ हे नाव मिळाले. माथ्यावर भार वाहणारा तो माथाडी, असा त्याचा सरळ अर्थ असला तरी व्यवहारात या एका शब्दाखाली अनेक कामे येतात. गाडीतून माल उतरवणे, तो डोक्यावर किंवा पाठीवर घेऊन गोदामात नेणे, गोण्यांची एकावर एक रास रचणे म्हणजे थप्पी लावणे, गिऱ्हाईक आल्यावर ती थप्पी फोडणे, माल तोलणे, हातगाडी ओढणे, आणि लोखंडाच्या बाजारात सळया व पत्रे हलवणे, म्हणजे ज्याला लोखंडी जथ्याचे काम म्हणतात ते, ही सर्व माथाडीची कामे होत. डोक्यावर कापडाची चुंबळ, हातात पोत्याला लावायचा लोखंडी आकडा आणि पायाखाली ट्रकपासून धक्क्यापर्यंत टाकलेली लवलवती फळी, एवढीच या धंद्याची हत्यारे होती. धान्याचे पोते दीर्घकाळ अडीच बंगाली मणांचे, म्हणजे सुमारे ९३ किलोंचे असे, आणि दशमान वजने रूढ झाल्यावर ते १०० किलोंचे झाले. असा भार रोज शेकडो वेळा उचलणाऱ्या माणसाची मान, कणा आणि गुडघे चाळिशीच्या सुमारास निकामी होऊ लागत.

या धंद्याचा खरा घटक एकटा हमाल नसून टोळी होती. टोळी म्हणजे आठ-दहापासून वीस-पंचवीस जणांपर्यंतचा गट. तो बहुधा एकाच गावचा किंवा एकाच भावकीचा असे, आणि त्याच्या शिरावर मुकादम किंवा टोळीवाला असे. व्यापारी कामाचा दर टोळीवाल्याशी ठरवी, पैसे त्याच्या हातात देई, आणि तो आपला हिस्सा काढून उरलेल्या रकमेची वाटणी करी. मजुरी नगावर, म्हणजे किती पोती उचलली त्यावर असे. माल आला नाही तर मजुरी नाही, आजारपणात मजुरी नाही, आणि थप्पी अंगावर कोसळून हातपाय मोडला तर गावी परत जाण्याचे भाडेदेखील सोबत्यांनी वर्गणी काढून द्यायचे, अशी परिस्थिती होती. तरीही टोळीला केवळ शोषणाचे साधन मानणे अपुरे ठरेल. नव्याने आलेल्या पोराला काम मिळवून देणे, गावकीच्या खोलीत त्याच्या वळकटीपुरती जागा करणे, खानावळीत त्याची हमी घेणे, भातलावणीच्या दिवसांत तो गावी गेला की त्याच्या जागी त्याच्याच भावाला बदली म्हणून उभे करणे, ही सगळी व्यवस्था टोळीच सांभाळी. गावकीची खोली ही संस्थाही येथे समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या गावाच्या लोकांनी मुंबईत सामाईकपणे घेतलेल्या एका खोलीत वीस-तीस पुरुष पाळीपाळीने झोपत, आणि त्या खोलीचा कारभार गावच्या पंचायतीसारखाच चाले. गावातील नाते अशा रीतीने शहरात धंद्याचे नाते झाले होते, आणि पुढे संघटनेचे बळ आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी याच नात्यातून निघाल्या.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हा हमाल जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. कामगार कायद्यांचा सारा डोलारा मालक आणि नोकर या जोडीवर उभा असतो, आणि हमालाच्या बाबतीत मालक कोण, हाच प्रश्न अनुत्तरित होता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गोदामात आणि संध्याकाळी तिसऱ्याच्या ट्रकवर काम करणाऱ्या माणसाबद्दल प्रत्येक व्यापारी म्हणे की हा टोळीवाल्याचा माणूस आहे, टोळीवाला म्हणे की मी स्वतःच हमाल आहे, आणि कारखान्याच्या चार भिंतींत काम होत नसल्याने कारखाने कायदाही लागू होत नसे. गिरणी कामगारांच्या चळवळीला एवढी अडचण नव्हती, कारण त्यांच्यासमोर गिरणी होती, भोंगा होता, हजेरीपट होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करायला सुरुवात केली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली, तेव्हा ती मागणी कोणाकडे करायची हे तरी स्पष्ट होते. हमालांच्या पुढाऱ्याला आधी मालक शोधावा लागणार होता.

हे काम ज्यांनी हाती घेतले ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे या गावी २५ सप्टेंबर १९३३ रोजी जन्मले. भोर-वेल्ह्यातील तरुण ज्या कारणांनी गाव सोडत होते त्याच कारणांनी ते मुंबईत आले आणि त्यांनी स्वतः हमालीचे काम केले. त्या काळच्या बहुतेक कामगार पुढाऱ्यांपेक्षा त्यांचे वेगळेपण येथेच आहे. मुंबईच्या कामगार चळवळीचे नेतृत्व मोठ्या प्रमाणावर वकील, डॉक्टर आणि शिकलेल्या मध्यमवर्गीय कार्यकर्त्यांकडे होते, आणि त्यांतील अनेकांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पोत्याचे वजन मानेवर झेललेल्या माणसाला जी गोष्ट ठाऊक असते ती सभेतून समजत नाही. टोळी मोडून हमालांना एकेकटे युनियनचे सभासद करून घेण्याचा प्रयत्न फसण्याचीच शक्यता अधिक होती, कारण टोळी सोडलेल्या हमालाला दुसऱ्या दिवशी कामच मिळाले नसते. अण्णासाहेबांनी टोळी तशीच ठेवली आणि तिच्याच पायावर संघटना उभारली. महाराष्ट्र राज्य माथाडी ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन या त्यांच्या संघटनेत टोळीच संपूर्णपणे सामील होई, आणि टोळीने काम थांबवले की बाजारातील गाळ्यासमोर मालाचे ट्रक उभे राहत. फळे, भाजी आणि कांदा-बटाटा यांसारख्या नाशवंत मालाच्या बाजारात अशी एका दिवसाची अडवणूकदेखील व्यापाऱ्याला भारी पडते, आणि ही शक्ती कारखान्यातील संपापेक्षा कमी नव्हती.

संघटनेच्या दडपणाखाली आणि इतर कामगार संघटनांच्याही मागणीमुळे शासनाने १९६० च्या दशकात या धंद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. अस्तित्वात असलेले कामगार कायदे या लोकांना लागू करणे व्यवहार्य नाही, त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाच हवा, असा निष्कर्ष त्या चौकशीतून निघाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम संमत झाला. या कायद्यातील मध्यवर्ती संज्ञा ‘असंरक्षित कामगार’ ही आहे. अनुसूचीत नोंदवलेल्या कामांत अंगमेहनत करणारा, पण प्रचलित कायद्यांचे पुरेसे छत्र नसलेला कष्टकरी, असा तिचा आशय. यापूर्वी गोदी कामगारांसाठी केंद्राने १९४८ मध्ये असाच एक कायदा केला होता. त्यात रोज नव्या जहाजावर काम करणाऱ्या मजुरांची नोंदणी करून त्यांना एका मंडळाच्या छत्राखाली आणले होते. माथाडी कायद्याने ती कल्पना बंदराबाहेर काढून बाजारपेठेत आणली.

या कायद्याची यंत्रणा थोडक्यात अशी आहे. शासन एखाद्या धंद्यासाठी योजना तयार करते आणि त्या योजनेच्या अंमलबजावणीसाठी मंडळ स्थापन करते. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात, शासनाचे प्रतिनिधी एकूण सदस्यांच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक असू शकत नाहीत, आणि अध्यक्ष शासन नेमते. व्यापाऱ्याने या मंडळाकडे मालक म्हणून नोंदणी करायची, हमालाने कामगार म्हणून करायची, आणि ज्या दिवशी जेवढे काम झाले त्याची मजुरी व्यापाऱ्याने हमालाच्या वा मुकादमाच्या हाती न देता मंडळात भरायची. मजुरीवर ठरावीक टक्के रक्कम अधिक भरावी लागते. तिला बाजारात सर्रास ‘लेव्ही’ म्हणतात, आणि तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा आणि औषधोपचार यांची सोय होते. माणसाने वर्षभरात पन्नास व्यापाऱ्यांकडे काम केले तरी त्याच्या खात्यात फंड एकाच ठिकाणी साचत जातो. कामगार नुकसानभरपाई आणि वेतन अदायगी या कायद्यांची तरतूदही या कामगारांना लागू करण्यात आली. हमालाचा मालक कोण, या जुन्या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर असामान्य होते. मालक शोधत बसण्याऐवजी सर्व व्यापाऱ्यांना मिळून एकच देणेकरी बनवण्यात आले, आणि कंत्राटदारामार्फत माणसे लावणारा व्यापारी हाच मुख्य मालक समजण्याची व्याख्याही कायद्यातच घालण्यात आली. भारतातील असंघटित श्रमिकांच्या इतिहासात इतकी नेमकी विधिरचना क्वचितच आढळते. केरळने १९७८ मध्ये डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी केलेला कायदा आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी केलेला कायदा, ही दोन्ही याच वाटेवरची पुढची पावले होत.

कायदा झाला म्हणून तो आपोआप लागू झाला नाही. प्रत्येक बाजारासाठी वेगळी योजना, वेगळे मंडळ आणि त्यानंतर एकेका व्यापाऱ्याची नोंदणी, असा हा लांबलचक प्रवास होता, आणि कायद्यापूर्वीच्या लढ्याइतकाच हा नंतरचा झगडा महत्त्वाचा मानला पाहिजे. किराणा, कापड, लोखंड, भाजी, कांदा-बटाटा असे एकेक बाजार मंडळांखाली आणताना संघटनेला कधी काम बंद ठेवावे लागले, कधी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पुण्यातही याच काळात हमालांची चळवळ चालू होती, पण तिची घडण निराळी होती. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉक्टर बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. सत्यशोधक आणि समाजवादी विचारांचा वारसा सांगणाऱ्या या संघटनेने मजुरीच्या दराइतकेच जातिभेद, व्यसन आणि शिक्षण या प्रश्नांकडे लक्ष दिले, आणि १९७० च्या दशकात ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचे केंद्र सुरू केले. भोर-वेल्ह्यातून पुण्याला गेलेला हमाल या पंचायतीच्या छत्राखाली आला, तर त्याच गावातून मुंबईला गेलेला त्याचा भाऊ अण्णासाहेबांच्या युनियनचा सभासद झाला. एका घरातील दोन भाऊ दोन वेगळ्या विचारपरंपरांच्या संघटनांत असले, तरी दोघांच्या म्हातारपणाची तरतूद मात्र १९६९ च्या एकाच कायद्यामुळे शक्य झाली.

गावाच्या बाजूने पाहता या कायद्याचे मोल अधिक स्पष्ट होते. पूर्वी हमाल म्हातारा होऊन गावी परतला की तो मुलांवर भार होई. मंडळ स्थापन झाल्यानंतर निवृत्त होणारा माथाडी फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम घेऊन परतू लागला. महिन्याकाठी येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालणाऱ्या घरात एकरकमी पैसा येण्याची ही पहिलीच वेळ असे, आणि डोंगरी तालुक्यांतील पक्की घरे, विहिरी व मुलांची शिक्षणे यांमागे या पैशाचा वाटा आहे. सहकारी साखर कारखाने आणि कालव्यांचा लाभ झालेल्या पूर्वेकडील तालुक्यांच्या समृद्धीबद्दल बरेच लिहिले गेले आहे. डोंगरी मुलखातील या संथ, पाठीवरच्या कमाईतून झालेल्या बदलाची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली, ही खंत बाळगण्यासारखी गोष्ट आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाची शिडी बहुधा सहकारी सोसायटी, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि साखर कारखाना अशा पायऱ्यांनी वर चढते. भोरमध्येही राजगड सहकारी साखर कारखाना आणि माजी आमदार अनंतराव थोपटे यांचे नेतृत्व ही या शिडीची परिचित उदाहरणे आहेत. अण्णासाहेब पाटील या वाटेने आले नाहीत. काँग्रेसशी जवळीक ठेवून, बाजारातील संघटनेच्या बळावर ते विधान परिषदेचे सदस्य झाले. विधान परिषद म्हणजे राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह. त्याचे सदस्य विधानसभेप्रमाणे सर्वसाधारण मतदारांच्या थेट मतदानाने निवडून येत नाहीत, आणि गाव एका जिल्ह्यात व काम दुसऱ्या शहरात अशी विभागलेली माणसे ज्यांच्यामागे आहेत त्या पुढाऱ्याला हे सभागृह विधानसभेपेक्षा अधिक सोयीचे ठरले, असे म्हणता येते. माथाडी मतदाराचे नाव भोर, पाटण किंवा जावळीच्या यादीत, त्याचा घाम मशीद बंदरच्या गाळ्यात, आणि त्याचा आवाज उठवणारा माणूस विधान परिषदेत, अशी ती तिहेरी रचना होती.

१९८० च्या सुमारास अण्णासाहेबांच्या कार्याला नवे वळण मिळाले. अखिल भारतीय मराठा महासंघाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला आणि मराठा समाजातील गरिबांना आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे ही मागणी लावून धरली. कामगार पुढारी जातीच्या व्यासपीठावर गेला, एवढ्याच शब्दांत या बदलाचे वर्णन करणे अन्यायाचे होईल, आणि त्यात काहीच विसंगती नव्हती असे म्हणणेही खरे नाही. माथाडींमध्ये मोठी संख्या डोंगरी तालुक्यांतील अल्पभूधारक मराठा कुटुंबांची होती. टोळी भावकीवर उभी असल्याने संघटना आणि समाज यांच्या सीमा प्रारंभापासूनच एकमेकींत मिसळलेल्या होत्या. ज्या हमालाने स्वतः पोती उचलली त्याच्या मुलाने शिकून नोकरी करावी, ही इच्छा मंडळाच्या फंडाने पुरी होण्याजोगी नव्हती, कारण नोकऱ्याच मोजक्या होत्या. परंतु टोळीच्या एकीचे बळ जेव्हा जातीच्या एकीचे बळ बनते, तेव्हा त्याच गोदामात शेजारी काम करणाऱ्या दलित, धनगर किंवा आदिवासी हमालाला आपण या एकीच्या आत आहोत की बाहेर, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. पुण्याच्या हमाल पंचायतीने जातीच्या प्रश्नाला जाणीवपूर्वक भिडण्याचा जो मार्ग घेतला त्याच्याशी हा मार्ग ताडून पाहिला म्हणजे दोन्हींचे सामर्थ्य आणि उणीव उमगते.

१९८२ चे पहिले महिने मुंबईसाठी विलक्षण तणावाचे होते. १८ जानेवारी रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर आले. त्याच महिन्यात राज्यात नेतृत्वबदल होऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. अशा वातावरणात २२ मार्च रोजी अण्णासाहेबांनी आरक्षणाच्या मागणीसाठी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे आमदार होते, आणि मागणी मान्य न झाल्यास आपण जिवंत राहणार नाही असे त्यांनी जाहीर केले होते. शासनाकडून ठोस निर्णय मिळाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी, २३ मार्च १९८२ रोजी, त्यांनी आपले जीवन संपवले. तेव्हा त्यांच्या वयाला पन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दिलेला शब्द पाळणारा पुढारी म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. तथापि हजारो टोळ्या ज्याच्या शब्दावर उभ्या होत्या त्या माणसाचे जाणे हे त्या कष्टकऱ्यांचे भरून न येणारे नुकसान होते, हे विसरून त्या मृत्यूचा गौरव करणे इष्ट नाही.

त्यांच्या पश्चात संघटना मात्र विस्कळीत झाली नाही. शिवाजीराव पाटील यांनी ती सांभाळली, पुढे अण्णासाहेबांचे पुत्र नरेंद्र पाटील हे विधान परिषदेत गेले, आणि माथाडी चळवळीतून आलेले शशिकांत शिंदे आमदार व मंत्री झाले. दरम्यान मुंबईचे घाऊक बाजार शहराबाहेर नेण्याचा निर्णय अमलात येत होता. कांदा-बटाट्याचा बाजार १९८० च्या दशकाच्या आरंभी नवी मुंबईत वाशीला गेला, आणि धान्य, मसाले, भाजी व फळे यांचे बाजार १९९० च्या दशकात गेले. लोखंडाचा बाजार कळंबोलीला हलला. बाजाराबरोबर माथाडीही हलला, आणि कोपरखैरणे, घणसोली या भागांत त्याला घरे मिळाली, दवाखाना मिळाला. गावकीच्या खोलीतील वळकटीची जागा कुटुंबासह राहण्याच्या घराने घेतली. दरवर्षी २५ सप्टेंबरला नवी मुंबईत भरणाऱ्या मेळाव्याला आजही डोंगरी तालुक्यांतील माणसे मोठ्या संख्येने जमतात. आर्थिकदृष्ट्या मागास तरुणांना उद्योगासाठी कर्ज मिळवून देण्याच्या हेतूने १९९८ मध्ये शासनाने स्थापन केलेल्या महामंडळाला अण्णासाहेबांचे नाव देण्यात आले.

मंडळांच्या व्यवस्थेत दोष शिरले, हेही नोंदवणे आवश्यक आहे. टोळीतील जागा बापाकडून मुलाकडे जाणारी मिरास बनली, आणि नव्या, परप्रांतीय किंवा दुसऱ्या समाजाच्या श्रमिकाला आत शिरणे कठीण झाले. बाजारात धान्य निवडणाऱ्या, चाळणाऱ्या, भाजीचा पाला वेचणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. माथाडीच्या नावाखाली काम न करताच पैसे उकळणाऱ्या टोळक्यांमुळे उद्योजकांकडून तक्रारी होऊ लागल्या, आणि त्या तक्रारींचा आधार घेऊन कायदाच सैल करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा खऱ्या माथाडींना आपल्याच नावाच्या बनावट उपयोगाविरुद्ध उभे राहावे लागले. वजनाच्या प्रश्नावर मात्र थोडी प्रगती झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने उचलायच्या भाराला ५५ किलोंची मर्यादा सुचवल्यानंतर बऱ्याच काळाने ५० किलोंची गोणी भारतीय बाजारात रूढ होत गेली, आणि क्विंटलचे पोते मागे पडू लागले.

शिवगंगेच्या खोऱ्यातील चित्र या काळात उलटे झाले आहे. महामार्ग रुंद झाला, कात्रजच्या खाली शिंदेवाडी आणि वेळूपासून कारखाने व गोदामे उभी राहिली, आणि ज्या मुलखातील माणूस पोते उचलण्यासाठी मुंबईला जात होता त्याच मुलखाच्या वाटेवर आता परराज्यांतून आलेले ट्रक रिकामे होतात. १९६९ चा कायदा आणि पुण्याचे माथाडी मंडळ येथेही अस्तित्वात आहेत, पण गोदामाच्या धक्क्यावर माल उतरवणारा तरुण ज्याला आपला मालक म्हणून दाखवतो तो पुष्कळदा मनुष्यबळ पुरवणारा कंत्राटदार असतो, ज्याला त्याच्या आजोबांच्या काळी टोळीवाला म्हणत.